धुराविना ऊब : तंबूतल्या शेगडीपासून कॅराव्हॅनमधल्या विजेच्या फायरप्लेसपर्यंत

१/
चाकांवर चालणारी एक लहानशी खोली. बाहेर बुलढाणा जिल्ह्यातली पौषाची रात्र, आत भिंतीत बसवलेली विजेची फायरप्लेस. ओंडके लालसर दिसतात, ज्वाला हलतात, खोली उबदार होते. मात्र राख पडत नाही, धूर होत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. कारण तिथे आग मुळी नसतेच. दिसते ती प्रकाशाची नक्कल आणि जाणवते ती तापलेल्या तारेची ऊब. पर्यटकाला ही एक सोय वाटेल. फिरत्या घराने शतकानुशतके ज्या प्रश्नाशी झुंज दिली, त्याचे हे उत्तर आहे. तो प्रश्न कोणता होता आणि हे उत्तर कोणाच्या वाट्याला आले, याचा हा धागा.

२/
पक्क्या घरात चूल एका जागी असते. वर उंच छप्पर, भिंतीला झरोका, धूर जायला वाट. घर फिरते झाले की ही सारी व्यवस्था मोडते. तंबूचे कापड पेट घेते, गाडीचे छत डोक्याला लागते, विस्तव आणि अंथरूण यांत हातभर अंतरही उरत नाही. विस्तव आत घेतला तर धूर कोंडतो. धुरासाठी दार उघडले तर ऊब निघून जाते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी म्हण मराठीत आहे. पण विंचवाला शेगडी लागत नाही. माणसाला लागते.

३/
वऱ्हाड म्हटले की बहुतेकांना उन्हाळाच आठवतो. तरी बुलढाणा जिल्ह्याचा हिवाळा कमी लेखण्यासारखा नाही. जिल्ह्याचे दोन भाग पडतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते. म्हणून दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो आणि पहाटे घोंगडी पुरत नाही. कापडाचा तंबू किंवा पत्र्याची गाडी तर जमिनीपेक्षाही लवकर गार पडते.

४/
इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात माणसे घराबाहेर पडून मुक्काम करीत, तो काळ मुख्यतः थंडीचाच होता. पावसाळ्यात नद्यांना पूर, काळ्या मातीचा चिखल, गाड्यांची चाके रुतलेली. अशा दिवसांत फौजा छावणीला राहत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून त्या मुलुखगिरीला निघत आणि पुढल्या पावसाच्या आत परतत. व्यापाऱ्यांचे तांडे, पुढे इंग्रज अधिकाऱ्यांचे दौरे, आजची ऊसतोड आणि आजचे पर्यटन, या सर्वांचा हंगामही जवळपास तोच. त्यामुळे ‘मुक्कामात ऊब कशी मिळवायची’ हा प्रश्न या भूमीत शतकानुशतके दरवर्षी नव्याने उभा राहिला.

५/
बुलढाण्याने अशा छावण्या पुष्कळ पाहिल्या. ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्डा येथे निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्या फौजा भिडल्या. मुबारिजखान मारला गेला, दख्खनेत निजामाची सत्ता पक्की झाली आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा हे नाव मिळाले. इतिहासाच्या पुस्तकात हे युद्ध दोन ओळींत संपते. पण युद्धाच्या आधी आणि नंतर हजारो माणसे, घोडे, बैल आणि उंट उघड्यावर रात्री काढीत असतात. त्यांच्या चुलींना आणि शेकोट्यांना जळण लागते. ते आसपासच्या शिवारातूनच येते. फौजेचा मुक्काम हलला की गावकऱ्यांना मागे उरलेली झाडांची खुंटे मोजावी लागत, ती याचमुळे.

६/
अशा छावणीची संध्याकाळ कशी असे, याचे चित्र फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए याने रेखाटून ठेवले आहे. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बर्निए त्या लवाजम्यात होता. तो सांगतो की संध्याकाळी हजारो चुली एकदम पेटत. जळण म्हणजे शेण, उंटाच्या लेंड्या आणि ओले लाकूड. वारा पडलेला असला की तो दाट धूर छावणीवरच बसून राही आणि अंधारात माणसाला स्वतःचा तंबू सापडेनासा होई. तो स्वतःही त्या धुरात वाट चुकला होता. उंच डोलकाठीवर टांगलेला ‘आकाशदिवा’ हाच अशा वेळी वाटसरूंचा आधार असे. आगीचे एवढे साम्राज्य, आणि त्यात बादशाही वैद्यांच्या ओळखीचा माणूस रस्ता शोधतो आहे!

७/
अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आहे, आणि लोणारच्या परिसरात काच व साबण तयार करण्याचे सामान मिळते अशी नोंदही आहे. त्याच ग्रंथात बादशाही मुक्कामाचे वर्णन येते. एका मुक्कामाचे सामान वाहून न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबूंचे संच दोन असत. एकात बादशहा राही, तेव्हा दुसरा पुढल्या मुक्कामी उभा होत असे. यालाच पेशखाना म्हणत. राजवाडा असा रोज उचलून नेता येई. मात्र राजवाड्याच्या भिंतीतली उष्णता कोणत्याही हत्तीवर लादता येत नव्हती.

८/
अकबराच्या दरबारात अग्नीसाठी एक खास भांडेही होते. वर्षातून एकदा, सूर्य मेष राशीच्या १९व्या अंशात आला की भर दुपारी ‘सूर्यकांत’ नावाचा चमकदार दगड उन्हात धरीत आणि त्याच्याजवळ कापूस ठेवून तो पेटवीत. हा अग्नी ‘अगिनगीर’ नावाच्या पात्रात वर्षभर जपला जाई. दिवटीवाले, मशालजी आणि मुदपाकखान्यातले आचारी त्यावरूनच आपापले विस्तव पेटवीत. फिरत्या राजधानीत आग कशी सांभाळावी, याची ही राजेशाही रीत. तिने आग जपली. धुराचे काय करावे, हे तिलाही सुचले नाही.

९/
धुराला कंटाळून माणसाने निखाऱ्यांचा मार्ग धरला. लाकूड बाहेर जाळायचे, धूर संपला की लाल निखारे शेगडीत भरून आत आणायचे. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, तंबू उबदार होतो. पण याच शेगडीने अनेकांचे प्राण घेतले. निखारे मंद जळतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. माणसाला आधी जडपणा येतो, मग झोप येते आणि कोंदट जागेत ती झोप शेवटची ठरते. दिसणारा धूर निदान दार उघडायला भाग पाडत होता. हा वायू तेवढीही सूचना देत नाही.

१०/
ही गोष्ट फार जुनी आहे. पुढे रोमन सम्राट झालेला ज्युलियन इ.स. ३५८ च्या सुमारास हिवाळ्यात पॅरिसला होता. थंडी वाढली म्हणून झोपायच्या खोलीत थोडे निखारे आणवले आणि तो गुदमरून बेशुद्ध होण्याच्या बेतात आला. वैद्यांनी उलटी करवून त्याला वाचवले. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्याचा वारस जोव्हियन ३६४ मध्ये प्रवासातल्या मुक्कामी अचानक मरण पावला, त्याच्या मृत्यूच्या सांगितलेल्या कारणांत खोलीतल्या कोळशाचा धूर हेही एक आहे. या विषाचे शास्त्र मात्र १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा कुठे नीट उलगडले.

११/
मग जगभरच्या फिरत्या लोकांनी काय केले? पहिले उत्तर मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यात सापडते. मंगोलांच्या गोल तंबूला माथ्यावर मोकळे कडे असे. मधोमध आग आणि बरोबर तिच्या डोक्यावर धुराची वाट. भिंती लोकरीच्या जाड नमद्याच्या, म्हणून ऊब टिके. १३३० च्या दशकात इब्न बतूता उझबेक खानाच्या तळावर पोहोचला, तेव्हा त्याने एक चालते शहरच पाहिले. त्यात मशिदी होत्या, बाजार होते आणि धावत्या गाड्यांवरच्या स्वयंपाकघरांतून धूर वर चढत होता. चाकांवरच्या घरात आग बाळगण्याचे हे फार जुने वर्णन.

१२/
दुसरे उत्तर नळीचे. १८५६ मध्ये अमेरिकेच्या लष्करातील हेन्री सिब्ली याने शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट घेतले. त्या तंबूसाठी पत्र्याची, तशीच निमुळती शेगडी आली. तिचा धूर नळीवाटे थेट तंबूबाहेर जाई. अमेरिकन यादवी युद्धात ती सैनिकांच्या ओळखीची झाली. तरी नळीचीही एक किंमत होती. धुराबरोबर उष्णतेचा मोठा वाटा वर निघून जातो आणि जळायला लागणारी हवा फटींतून आत ओढली जाते, तीही बाहेरची गारच. शेगडीकडे तोंड करून बसणाऱ्याची छाती भाजते, पाठ गारठते.

१३/
तिसरे उत्तर काश्मीरचे. तिथे लोकांनी खोली तापवण्याचा नाद सोडला आणि माणूस तापवला. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे. त्यात थोडे निखारे घालून ते फेरनच्या आत धरायचे. मूठभर जळणात दिवस निघतो, आणि माणूस चालू लागला की ऊबही त्याच्याबरोबर चालते. पण विस्तव इतका जवळ बाळगण्याचेही मोल पडले. पोटाच्या व मांड्यांच्या कातडीला वर्षानुवर्षे बसणाऱ्या चटक्यांतून तिथे कर्करोग होतो, हे १८६६ मध्ये डॉ. विल्यम एल्म्सली यांनी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. वैद्यकशास्त्रात त्याला आजही ‘कांगडी कर्करोग’ म्हणतात.

१४/
दख्खनने चौथे उत्तर निवडले. येथील धनगराने आग तंबूच्या आत घेतलीच नाही. मेंढरांचा वाडा, बाहेर शेकोटी आणि अंगावर घोंगडी. लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे घोंगडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली राखते. हलक्या सामानानिशी दौडणाऱ्या मराठी स्वारालाही हेच परवडणारे होते. तंबू-कनातींचे ओझे जितके कमी, तितकी दौड लांबची. आजच्या भाषेत याला ‘इन्सुलेशन’ म्हणतात. आधी उष्णता गळू देऊ नये आणि मग ती निर्माण करावी, हा नियम कोणत्याही कॅराव्हॅनला आजही तसाच लागू आहे.

१५/
बंजाऱ्यांच्या तांड्यांचीही रीत उघड्या आकाशाखालचीच. धान्य आणि मीठ लादलेले हजारो बैल घेऊन हे तांडे दख्खनभर फिरत. फौजांचा दाणागोटा त्यांच्यावरच चाले. १८०३ मध्ये वेलस्लीने असईची आणि पुढे २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई जिंकली, त्या मोहिमेतही धान्यासाठी त्याला बंजाऱ्यांची वाट पाहावी लागे. रात्री गोण्यांची थप्पी रचून आडोसा करीत. वारा अडला की अर्धी थंडी अडते. बाहेर शेकोटी, मधे गोण्यांची भिंत, पलीकडे माणसे. धूर आकाशाला, ऊब माणसाला, अशी ती साधी वाटणी होती.

१६/
१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे थंड हवेचे बुलढाणे जिल्ह्याचे ठाणे झाले. हिवाळा लागला की डेप्युटी कमिशनर दौऱ्यावर निघे. बैलगाड्यांवर तंबू, खुर्च्या, दप्तराच्या पेट्या. आमराईत मुक्काम पडे आणि तिथेच कचेरी भरे. साहेबाचा तंबू दुहेरी कापडाचा असे. दोन कापडांमधील हवा दिवसा ऊन आणि रात्री गारवा थोपवी. तंबूबाहेरच्या शेकोटीत मात्र गावचेच जळण पडे. वऱ्हाडात ते जळण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या. भर्रकन पेटणारे, तितक्याच लवकर विझणारे.

१७/
दरम्यान एक नवे चालते घर वऱ्हाडात शिरले होते. १८६७ पर्यंत भुसावळ ते नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. त्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि कापसाच्या गाठी रेल्वेने जाऊ लागल्या. तांड्यांचा धंदा याच रुळांखाली गेला. रेल्वेच्या डब्यातही प्रश्न तोच होता : लाकडी खोली, बंद खिडक्या, आत विस्तव नको. थंड देशांत प्रवाशांच्या पायाखाली गरम पाण्याचे पत्र्याचे डबे देत. १८८० मध्ये इंग्लंडमधील अभियंता फ्रान्सिस वेब याने पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेट वापरले. हे लवण गोठताना साठवलेली उष्णता तासन्‌तास सोडत राहते.

१८/
या डब्याचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा मोठे आहे. त्यात आग एका ठिकाणी आणि ऊब दुसऱ्या ठिकाणी, असा विचार प्रत्यक्षात आला. आग स्थानकावर, ऊब डब्यात. आता फक्त ती ऊब सतत पोहोचवणारे वाहन हवे होते. ते वाहन विजेचे निघाले. १८४१ मध्ये जेम्स जूलने दाखवून दिले की तारेतून वीज वाहिली की ठरावीक प्रमाणात उष्णता निर्माण होते. पण साधी तार हवेत लाल झाली की लवकरच जळून तुटे. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. हेच नायक्रोम. ते लाल होऊनही टिकते. १९१२ मध्ये चार्ल्स बेलिंगने अशा तारा भाजलेल्या मातीवर गुंडाळून खोलीचे हीटर विकायला काढले. घरोघरच्या विजेच्या शेगडीतली ती वेटोळी तार याच घराण्यातली.

१९/
मौजेसाठी फिरते घर ही कल्पनाही याच सुमाराची. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. दोन घोडे जोडून ती इंग्लंडभर फिरली. आधुनिक पर्यटन-कॅराव्हॅनची ती पूर्वज मानली जाते. १९०७ मध्ये तिथे कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. आरंभी या गाड्यांत तेलाच्या, पुढे गॅसच्या शेगड्या असत. म्हणजे प्रश्न जुनाच होता. तळांवर विजेचे खांब आणि जोडणीची सोय आली, तेव्हा धुराशिवायची ऊब पहिल्यांदा चाकांवर चढली.

२०/
पण माणसाला ऊब पुरली नाही. त्याला ज्वाला पाहायची होती. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘मॅजिकोल’ नावाने कोळशाची नक्कल असलेल्या विजेच्या शेगड्या विकल्या गेल्या. अशा शेगड्यांत खाली एक दिवा आणि त्याच्यावर पत्र्याची हलकी फिरकी असे. दिव्याच्या उष्णतेने हवा वर चढे, फिरकी गरगरे आणि खोट्या कोळशावर ज्वालेच्या सावल्या नाचत. आजच्या फायरप्लेसमध्ये ते काम एलईडी दिवे करतात आणि त्यासाठी अगदी थोडी वीज लागते. खरी वीज खाते ती आतली तार. ज्वाला बंद करून नुसती ऊब घेता येते, तशीच ऊब बंद करून नुसती ज्वालाही पाहता येते. शेकोटीच्या इतिहासात हे दोन धागे पहिल्यांदाच सुटे झाले.

२१/
आता थोडा हिशेब. अशी फायरप्लेस साधारण १५०० वॅटची धरली, तर २३० व्होल्टवर ती सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढते. म्हणजे घरातला लहान ६ अँपिअरचा सॉकेट तिला चालत नाही, १६ अँपिअरचा लागतो. आठ तास अखंड चालली तर १२ युनिट. याउलट गाडीतली १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात दोन युनिटही नसतात. ती तास-सव्वा तासात रिकामी होईल. म्हणून ही ऊब वाटेत कुठेही मिळत नाही. गाडी तळावर उभी करून तिची तार खांबाला जोडावी लागते. चाकांचे घर ऊब हवी असली की पुन्हा खुंट्याला बांधले जाते.

२२/
त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघाले की वाटेत पारस लागते. तिथल्या कोळशावरच्या वीजकेंद्राची आजची क्षमता ५०० मेगावॅट आहे. एक युनिट विजेसाठी अशा केंद्रात साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे कॅराव्हॅनमधल्या एका उबदार रात्रीसाठी कुठेतरी आठेक किलो कोळसा खर्ची पडतो आणि त्याची बरीचशी उष्णता वाटेतच वाया जाते. खोलीत धूर नाही, हे खरे. धूर संपलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला आहे. बर्निएच्या छावणीत धूर करणारा आणि धूर सोसणारा एकच होता. विजेने त्या दोघांची फारकत केली.

२३/
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्याआधी, २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला होता. अशा ठिकाणी चाकांवरच्या खोल्या येतील, तर त्यांना विजेची जोडणी मिळणे हे सरोवराच्या हिताचेच आहे. शेकोट्यांसाठी विवराच्या काठावरची झाडे तुटायला नकोत. पर्यटकाच्या जिवालाही ते बरे. बंद गाडीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नये, हा ज्युलियनच्या काळचा धडा आजही कोणी विसरला की तितकाच महाग पडतो. इथवर ही कथा प्रगतीची वाटते. पण बुलढाण्यात चाकांवरची घरे आणखीही आहेत.

२४/
दसरा-दिवाळी झाली की सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, धान्याची पोती, शेळ्या आणि वर लेकरे. हा प्रवासही रात्रीच्या थंडीतला आणि ट्रॉलीला छत नसते. कारखान्याच्या परिसरात पोहोचल्यावर पाचटाची कोपी उभी राहते. तीन दगडांची चूल कोपीच्या तोंडाशी, कारण पाचट ठिणगीने पेट घेते. पहाटे अंधारात फडावर जायचे, म्हणून चूल त्याहून आधी पेटते. धूर कोपीत शिरतो, ऊब बाहेर राहते. सरदारांच्या छावणीतला जो प्रश्न, तोच इथे अजून अनुत्तरित आहे.

२५/
आणि याच जागी इतिहास एक विलक्षण वळण घेतो. कोयत्याने तोडलेला ऊस कारखान्यात जातो, रस निघतो, मागे चोथा उरतो. त्याला बगॅस म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने हा बगॅस जाळून वीज तयार करतात आणि उरलेली वीज जाळ्यात सोडून विकतात. ती वीज पुढे कोणत्या घरात, कोणत्या गाडीत, कोणत्या फायरप्लेसमध्ये पोहोचली, हे सांगता येत नाही. जाळ्यात सारी वीज एकच होते. एवढे मात्र खरे की ज्यांच्या हातांनी ते जळण तोडले, त्यांच्यातील कितीतरी कोप्यांत एक साधा सॉकेटही नसतो.

२६/
अकबराच्या ‘अगिनगीर’पासून नायक्रोमच्या तारेपर्यंत आग राखण्याची साधने बदलली. मंगोलांच्या छताचे कडे, सिब्लीची नळी, काश्मीरची कांगडी, धनगराची घोंगडी, वेबचा डबा. प्रत्येक उपायाने धूर थोडा दूर सारला. विजेने तो दारापासून मैलोगणती लांब नेला. म्हणून कोणत्याही काळाची ऊब समजून घ्यायची, तर शेगडी किती तापली एवढे विचारून भागत नाही. धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, हेही विचारावे लागते. साखरखेर्ड्याच्या रणाचा तपशील बखरींतून आणि फार्सी तवारिखांतून शोधता येतो. त्याच तालुक्यातून दर हिवाळ्याला निघणाऱ्या ट्रॉल्यांचा इतिहास अजून लिहिला जायचा आहे, आणि तो सांगू शकणारी माणसे आज हयात आहेत.